ताईला कुरकुर हवी

मुलीचं नाव निशिगंधा ठेवणाऱ्या बापाला, ती पुढे चंदीगडला जाऊन नर्स होणार आहे याची नुसती कुणकुण असती, तरी त्यानं तिचं नाव सुमन ठेवून सुटका करून घेतली असती. बाप जयसिंगपूरचा, पोस्टात नोकरीला, परसात फुलझाडं लावायची हौस. पंजाबी जिभेवर शब्दाच्या पोटातला 'ध' टिकत नाही, त्याचा सरळ 'द' होतो, हे त्याला कोण सांगणार?

ही पोरगी मिरजेला नर्सिंग शिकली, हवाई दलातल्या भावाकडे हवापालटाला म्हणून चंदीगडला गेली आणि तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात अर्ज टाकून बसली. भावाची बदली झाली, हिची नोकरी राहिली. पहिल्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डात एका पांढऱ्या दाढीच्या सरदारजींनी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. सरदारजींनी ते तोंडात दोनदा घोळवलं आणि शेजारच्या खाटेला विचारलं. ऐकू कमी यायचं, म्हणून सगळ्या वॉर्डाला विचारलं असंच म्हणा. "ही एवढी नीटनेटकी मुलगी स्वतःला गंदी का म्हणवून घेतेय?"

वॉर्ड हसला. ज्याच्या पोटाला टाके होते तो पोट धरून हसला. निशिगंधेचे कान लाल झाले, आणि घाईघाईत तिनं आपल्या जयसिंगपुरी हिंदीत फर्मावलं, "मेरेको ताई बोलो. घर में सब ताईच बोलते हैं."

खोटं नव्हतं ते. चार भावंडांत ती थोरली, सगळे तिला ताई म्हणायचे. पण वॉर्ड एकदम गप्प झाला. पंजाबात ताई म्हणजे बहीण नव्हे. ताई म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको. लोण्याच्या मडक्याची किल्ली जिच्या कमरेला असते, जिच्यापुढं घरातले पुरुषसुद्धा चपला न वाजवता जातात, ती. सरदारजींनी पंचविशीतल्या त्या पोरीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, सत्तरीतले आपले दोन हात जोडले आणि म्हणाले, "पैरी पौना, ताईजी."

पाया पडतो, म्हणजे. झालं. त्या दिवसापासून ती त्या वॉर्डाची थोरली काकू झाली. महिनाभरानं तिला कुणीतरी खरा अर्थ सांगितला तेव्हा ती लाजली, पण नाव बदला म्हणाली नाही. तिच्या लक्षात आलं होतं की सिस्टरनं 'औषध घ्या' म्हटलं तर लोक कारणं सांगतात, ताईनं म्हटलं तर तोंड उघडतात. पुढं तिची बदली बायकांच्या वॉर्डात झाली, पण नाव तिच्या आधीच तिथं जाऊन बसलं होतं.

या नावानं तिचं एक लग्नही मोडलं. मोडलं म्हणजे जुळायच्या आतच. चंडीमंदिरच्या छावणीत शैलजावहिनी म्हणून एका मेजरची बायको होती, पुण्याची. तिला शहरातली अविवाहित मराठी माणसं नुसती मोकळी फिरताना बघवायची नाहीत. तिनं हेरंब शोधून काढला. डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. वडील विद्यापीठात शिकवायला आलेले, त्यामुळं हा वाढला सगळा चंदीगडात, मराठी ऐकणार आणि उत्तर हिंदीत देणार. वहिनीनं डब्यात साबुदाण्याची खिचडी भरली आणि म्हणाली, "हा डबा तिला नेऊन दे आणि चोरून बघून ये. आवडली नाही तर निदान डबा परत आण."

हेरंब वॉर्डाच्या दारात पोचला आणि त्यानं खिडकीजवळच्या म्हातारीला विचारलं, निशिगंधा सिस्टर कोणत्या? म्हातारी म्हणाली, ती काय, आमची ताई. हेरंबनं डबा तिथंच स्टुलावर ठेवला आणि तो पळाला. वहिनीकडे येऊन म्हणाला, "आंटी, आप भी ना. वो तो शादीशुदा हैं. किसी की ताई हैं."

शैलजावहिनी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. खरं काय ते तिनं त्याला सांगितलंच नाही लवकर. म्हणाली, ज्याला बापाच्या भाषेतली ताई कळत नाही त्याला थोडं तंगवलेलं बरं. वहिनीचा असा स्वभाव. गोष्ट मात्र तिनं छावणीभर सांगितली.

याच वहिनीनं निशिगंधेला एकदा विचारलं होतं. दिवस वाईट होते, पंजाबात दहशतवादाचे. अंधार पडला की पंजाबातल्या बसेस थांबायच्या, चौकाचौकात वाळूची पोती, इस्पितळाच्या फाटकावर भेटायला येणाऱ्याच्या डब्यात शिपाई चमचा घालून बघायचा. गावागावांतून गोळी लागलेली माणसं यायची, आणि गोळी कुणाची हे विचारायची सोय नसायची. वहिनी म्हणाली, "अगं, असल्या दिवसांत तुला त्या नोकरीत मिळतं तरी काय? परत जा की घरी. लोक आभार मानतात म्हणून राहतेस का?"

"आभार नको वाटतात मला," निशिगंधा म्हणाली. "आभार मानणारा पेशंट म्हणजे काळजीच."

"मग काय हवं?"

"कुरकुर."

वहिनीला वाटलं ही चेष्टा करतेय. पण ती चेष्टा नव्हती. माणूस आणला जातो तेव्हा गुपचूप पडलेला असतो. सुई टोचा, ड्रेसिंग ओढा, हूं नाही की चूं नाही. हात जोडतो. मग एका सकाळी तो चहाचा घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, हा काय चहा आहे? निशिगंधा त्या वाक्यासाठी दिवसदिवस टपून बसायची. ते वाक्य आलं की तिला आतून उकळ्या फुटायच्या. चहाला नावं ठेवणारा माणूस उद्याचा चहा पिणार असतो, एवढं सरळ होतं ते. तिच्या मैत्रिणी डिस्चार्जच्या दिवशी मिळालेल्या लाडवांच्या गोष्टी सांगायच्या. ही सांगायची, अमकीनं आज मला आंधळी म्हटलं, तमकीनं उशी फेकली.

आणि अशा बाईच्या वॉर्डात दलीप कौर आली.

बटाल्याकडच्या एका खेड्यातली, साठीला टेकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. तिच्या कमरेखाली, मांडीच्या वरच्या हाडात गोळी होती. ती डॉक्टर नरेशनी काढली, हाड जुळवलं, जखम छान भरत आली. मुलगा सुखदेव गावच्या शाळेत मास्तर. त्याला जमेल तसा, दिवसाउजेडी परत पोचता येईल अशा बेतानं तो येऊन जायचा. आणि दलीप कौर, जिला सगळे बीजी, म्हणजे आई, म्हणायचे, ती पाण्याचा पेला दिला तरी म्हणायची, "मेहरबानी." बेडपॅन दिलं तरी मेहरबानी. डाळ अळणी असली तरी दोन चमचे खाऊन बाजूला सारायची आणि म्हणायची, मेहरबानी, पोट भरलं.

साऱ्या वॉर्डाला ती आवडायची. सरला आया, कांगड्याची, जिला जगात कुणीच आवडायचं नाही, तीसुद्धा म्हणाली, "पेशंट असावा तर असा."

निशिगंधेला मात्र ती मेहरबानी ऐकून काळजी लागली.

डॉक्टर नरेशनाही दिसत होतं. राउंड संपल्यावर ते खाटेच्या पायाशी थांबले. "पाय तयार आहे, बीजी तयार नाहीत. असंच पडून राहिल्या तर छाती भरेल, पाठ सोलवटेल. या वयात एकदा छाती भरली की माझ्या हातात काही राहत नाही, सिस्टर. त्यांना उभं करा. मी दोनदा सांगून बघितलं. मेहरबानी म्हणाल्या."

निशिगंधेनं काय नाही केलं. गोड बोलून पाहिलं, ताईगिरी करून पाहिली. सरलाच्या मदतीनं बसवलं, तर बीजी बसली. पाय खाली सोडून दिले, तर सोडून राहिली. पण उभं राहायचं म्हटलं की अंगातला जीवच काढून घ्यायची, पिठाच्या पोत्यासारखी दोघींच्या हातांत ओघळायची, आणि वर हात जोडायची. हट्ट करणाऱ्याशी भांडता येतं. हात जोडणाऱ्याशी काय करणार?

एक काम मात्र ती करू द्यायची, केस विंचरायचं. शिखांच्या घरातली बाई, केसांना आयुष्यात कधी कात्री लागलेली नाही. पांढरे, लांबसडक, कमरेखाली जाणारे. निशिगंधा रोज सकाळी ते सोडवायची, तेल चोपायची आणि जयसिंगपूरला धाकट्या बहिणींच्या घालायची तशी मानेपासून आवळून घट्ट वेणी घालायची. बीजी भिंतीकडे बघत बसायची. केस ओढले गेले तरी डोळा हलायचा नाही. शेवटी मेहरबानी.

एक खोड निशिगंधेच्या नजरेत आली होती. वॉर्डात कुणी "ताई" म्हणून हाक मारली की बीजी तोंड फिरवायची. दिवसभरात शंभर हाका. ताई, पाणी. ताई, ही बाटली संपली. प्रत्येक हाकेला तिची मान थोडी आणखी भिंतीकडे. निशिगंधेला वाटलं, गोंगाटाचा त्रास होतोय.

मग सुखदेव आला. आईसाठी घरचं तूप आणि पिन्न्या, म्हणजे कणकेचे लाडू, घेऊन. तो निशिगंधेला नेहमी सिस्टरजी म्हणायचा, बोलताना नजर खाली. त्या दिवशी ती जरा मजेत होती. म्हणाली, "मास्टरजी, सगळा पंजाब मला ताई म्हणतो. तुम्हीच तेवढे परके? का शिकलेल्या माणसाला कमीपणा वाटतो? म्हणा बघू एकदा ताई."

सुखदेवनं नुसती मान हलवली. तिनं सोडलं नाही. जीभ काय झिजतेय का, म्हणाली. तेव्हा तो तिला घेऊन व्हरांड्यात आला.

"सिस्टरजी, आमच्या घरी ताई होती," तो म्हणाला. "माझी ताई. बीजीची थोरली जाऊ. त्या संध्याकाळी दोघी अंगणात बसल्या होत्या. बीजीला मांडीत लागली. ताईला..." पुढचं त्यानं बोटानं छातीकडे दाखवलं.

काहीतरी बोलायचं म्हणून निशिगंधा म्हणाली, "दोघींचं फार प्रेम असेल."

"प्रेम?" सुखदेवला त्याही परिस्थितीत हसू आलं. "मी जन्मलो तेव्हापासून दोघी भांडताहेत. ताकात पाणी किती, चुलीवर आधी कुणाचं भांडं. गावातल्या बायका दळण घेऊन आमच्या दारात उभ्या राहायच्या, फुकटचा तमाशा. फक्त केस विंचरताना भांडण थांबायचं. संध्याकाळी ही तिची वेणी घालायची, ती हिची. तेव्हाही त्याच बसल्या होत्या. बीजी तिची वेणी घालत होती. निम्मी झाली होती."

मेलेल्या बाईचं नाव अंगावर घालून आपण त्या म्हातारीपुढं दिवसभर मिरवत होतो, आणि वर रोज सकाळी तिच्या केसांना हात घालत होतो, हे निशिगंधेला सहन होईना. तिनं त्याच दुपारी फर्मान काढलं. या वॉर्डात कुणी मला ताई म्हणायचं नाही. सिस्टर म्हणा, निशिगंदा म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

आता साऱ्या वॉर्डाची पंचाईत झाली. सवयीनं "ता" तोंडातून निघायचा आणि पुढं काय करायचं ते कुणाला कळायचं नाही. "ता... पाणी." "ता... दुखतंय." खिडकीजवळची म्हातारी तर रुसलीच. म्हणाली, नात्यातून काढून टाकलंस होय आम्हाला. सरला आयानं सगळ्यांना डोळे वटारून गप्प केलं. वॉर्ड असा शांत झाला की बाहेरच्या झाडावरचे पोपट ऐकू यायला लागले. आणि बीजी? तिनं भिंतीकडे बघणं सोडलं. ती दाराकडे बघू लागली. निशिगंधेला वाटलं, बरं केलं आपण.

असे काही दिवस गेले. एका सकाळी निशिगंधा नेहमीप्रमाणं कंगवा घेऊन तिच्या मागं बसली होती. अर्धी वेणी झाली असेल. बीजी भरल्या वॉर्डात, खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई किथे गई?"

ताई कुठं गेली.

सरलाच्या हातातली बादली होती तिथंच राहिली. कोणती ताई विचारतेय ही? म्हातारीचं डोकं फिरलं की काय? खरं सांगावं तर बीजीला ते माहीतच होतं. खोटं सांगावं तर काय सांगावं? शेवटी निशिगंधा हळूच म्हणाली, "बीजी, त्या गेल्या."

"ती गेली ते मला माहीत आहे," बीजी म्हणाली. "माझ्या मांडीवर गेली. मी या वॉर्डातली विचारतेय. दिवसभर सगळ्या ताई-ताई करायच्या, आता तोंडं शिवली का? सकाळी डोळे मिटून पडलं की वाटायचं घरीच आहे. ही पोरं तिला हाका मारताहेत आणि ती मेली ओ देत नाहीये, नेहमीसारखी. तेवढंच होतं. तेही बंद केलं कुणी?"

निशिगंधेनं केलेलं सगळं नेमकं उलटं पडलं होतं. बीजी तोंड फिरवायची ती ऐकू येऊ नये म्हणून नव्हे. नीट ऐकू यावं म्हणून.

"मी बंद केलं," ती म्हणाली. "मला वाटलं..."

"तुला वाटलं." बीजीनं मान झटकन वळवली, अर्धी वेणी निशिगंधेच्या हातातून सुटली. "आणि ही गुत्त कसली घालतेस रोज? माझं कपाळ मागं ओढलं जातं, भुवया डोक्यावर जातात. म्हशीच्या दाव्याला असा पीळ घालतात. आमची ताई साऱ्या जिल्ह्यात वाईट बाई होती, पण वेणी याच्यापेक्षा बरी घालायची. तुला आईनं शिकवलं नाही काही?"

निशिगंधेच्या अंगावर काटा आला. कुरकुर. खरीखुरी, घसघशीत कुरकुर, आणि तीही आईपर्यंत पोचलेली. तिनं ओठ घट्ट दाबले, कारण हसू आलं असतं तर सगळा खेळ बिघडला असता. ती शक्य तेवढ्या उर्मटपणानं म्हणाली, "आमच्याकडं अशीच घालतात. तुम्हाला एवढी येते तर दाखवा घालून."

"दाखवते. बस तिथं. पाठ कर."

निशिगंधेनं टोपी काढली, स्टूल ओढलं आणि ती खाटेकडे पाठ करून बसली. सरलानं बीजीचे पाय खाली सोडले. बीजीनं बसल्या बसल्या हात लांबवला. पोचेना.

"जवळ ये."

"मला लागतं खाटेचं दांडकं," निशिगंधा म्हणाली आणि स्टूल तसूभर पुढंच सरकवलं. असली आगाऊ पोरगी.

मागं काहीतरी करकरलं. मग तिच्या डोक्यावर एक जड, उबदार तळवा येऊन बसला. बीजी उभी होती. एक हात निशिगंधेच्या डोक्यावर, दुसरा खाटेच्या दांडक्याला. सरला जवळ सरकली असावी, कारण बीजीचा आवाज आला, "हो बाजूला. तुला नाही घालायची."

पण वेणी एका हातानं घालता येत नाही.

नर्सला पेशंटकडे डोळे लावून बसायची सवय. इथं पाठ करून बसायचं होतं, आणि मागं एक साठीची बाई, जुळवलेल्या हाडावर, कशाचा आधार न घेता उभी राहणार होती. वळून बघितलं तर ती खाली बसेल. नाही बघितलं आणि ती पडली तर? निशिगंधेला समोरच्या खाटांवरच्या बायकांची तोंडं तेवढी दिसत होती. त्यांचे डोळे मोठे झाले, त्यावरून तिला कळलं की दांडक्यावरचा हात सुटला. मग केसांत बोटं आली. दोन्ही हातांची. केसांचे तीन भाग झाले. तिनं आपलं सगळं लक्ष टाळूवर आणलं. ओढ सारखी आहे. आता उजवीकडे जरा जास्त, म्हणजे डाव्या पायावर भार घेतेय. आता थांबली, दम खातेय. आता पुन्हा सारखी. डोक्याच्या कातडीनं तिनं त्या बाईचा तोल वाचला.

"एवढे केस पातळ," मागून आवाज आला. "काय खाता तुम्ही लोक?"

"भात," निशिगंधा म्हणाली.

"तरीच." आणि दोन वळणांनंतर, "तू ताई, मग ताया कुठाय तुझा? तुझ्या वयाला ताया नसलेली ताई मी पहिल्यांदाच बघते."

ताया म्हणजे ताईचा नवरा. वॉर्ड आता हसायला मोकळा झाला. खिडकीजवळच्या म्हातारीनं लगेच सांगितलं, एकजण आला होता, चश्मेवाला, डबा ठेवून पळून गेला. निशिगंधेला त्या डब्याचा उलगडा तेव्हा झाला. तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं, की आमच्याकडं ताई म्हणजे थोरली बहीण. बीजीचे हात थांबले. मग ती म्हणाली, "बहीण? मग तर आणखीच वाईट. बहिणीशी माणूस भांडणार कसा? तू आपली ताईच राहा." आणि शेवटचा पीळ घालून तिनं टोक बांधलं, तेव्हा कुठं ती मटकन खाटेवर बसली आणि म्हणाली, "दमवलंस मला. पाणी कुठाय? दिवसभर नुसता डोस पाजता आणि पाहिजे तेव्हा पेला रिकामा."

मेहरबानी म्हणाली नाही. तिनं घटाघट पाणी प्यायलं.

दुसऱ्या सकाळपासून हाका पुन्हा सुरू झाल्या, आणि रोज आधी बीजीची वेणी बसून, मग निशिगंधेची उभ्यानं. वेणीवरून दारापर्यंत, दारावरून व्हरांड्यापर्यंत. चालताना प्रत्येक पावलाला शिवी. फरशी निसरडी, काठी आखूड, डॉक्टर पोरगेला. डॉक्टर नरेशनी एकदा कान देऊन ऐकलं आणि निशिगंधेला म्हणाले, "कागदावर हिचं काय लिहू?" ती म्हणाली, "तोंड सुटलंय, लिहा."

शैलजावहिनीनं हेरंबला खरं काय ते सांगितलं ते याच सुमाराला. तो डबा परत न्यायच्या निमित्तानं आला. या खेपेला पळाला नाही, पळता आलंच नसतं. बीजीनं काठी आडवी घातली होती. त्याला वरपासून खालपर्यंत पाहून ती म्हणाली, "हा ताया? याला आधी दूध पाजा." पुढच्या हिवाळ्यात लग्न झालं आणि डेराबस्सीचा केमिस्ट त्या वॉर्डात कायमचा तायाजी होऊन बसला.

बीजी घरी जायला निघाली त्या दिवशी सुखदेव गाडी घेऊन आला होता. बीजी काठी टेकत, कुरकुरत पायऱ्या उतरली. गाडी लहान, उशी कडक, वाटेतला चहा कसला मिळणार कुणास ठाऊक, या लोकांनी तूप अर्धं संपवलं. सुखदेव लाजेनं अर्धा झाला. "माफ करा," तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदाच, जरा अडखळत, "माफ करा, ताईजी. तुम्ही एवढं केलंत आणि ही एक चांगला शब्द बोलत नाही."

"बोलू देऊ नका," निशिगंधा म्हणाली. "आणि चांगलं बोलायला लागल्या तर मला लगेच कळवा."

गाडीच्या काचेतून बीजी ओरडली की हिची वेणी बघा, माझ्याशिवाय पुन्हा दाव्यासारखी घालून आलीय. गाडी फाटकाशी थांबली, शिपायानं डबे तपासले, तिथंही बीजीचं त्याच्याशी वाजलं.

निशिगंधा वॉर्डात परत आली. बीजीच्या खाटेवर सरलानं नवी चादर घातली होती आणि एका बाईला आणून झोपवलं होतं, तरुण, खांद्याला मोठं बँडेज. निशिगंधेनं पाणी दिलं. बाईनं एक घोट घेतला, पेला बाजूला ठेवला आणि दुसरा हात कपाळाला लावून म्हणाली, मेहरबानी.

निशिगंधेनं स्टूल ओढलं आणि ती तिच्याजवळ बसली.